पुढचे दोन पंखे

२ मार्च, सोमवार

आले एकदाची! तिसरा मजला, लांबलचक बोळाच्या टोकाचं दार, आत स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि दोन्हींच्या मध्ये माझं सिंहासन, म्हणजे आवाजाची खोली. संस्था राहायला जागा देते म्हटल्यावर मी एखाद्या कोंदट कोठडीची तयारी ठेवली होती, पण जागा फक्कड निघाली. दिवसभर ऊन येतं आणि नळाला धो धो पाणी आहे. नळ पाहून मला सगळ्यात जास्त आनंद झाला. ताई म्हणते, तुला स्वर्गात नेलं तरी तू आधी मोरी कुठं आहे ते विचारशील. विचारीन की! त्यात लाजायचं काय?

आवाजाच्या खोलीला खिडकी नाही. भिंतींना आणि छताला करड्या स्पंजचे जाड पट्टे, दार भरभक्कम, दाराच्या चारही कडांना रबर. आत टेबल, खुर्ची, माईक आणि टेबलाखाली कॉम्प्युटरचं कॅबिनेट. इथं बसून मी फिजिओथेरपीचं पाठ्यपुस्तक वाचायचं, अठ्ठावीस प्रकरणं. ज्यांना दिसत नाही असे विद्यार्थी ते ऐकून अभ्यास करतात. परीक्षा मेच्या सुरुवातीला आहे.

संस्थेच्या मॅडम एक घाव दोन तुकडे करणाऱ्या. पहिली तीन प्रकरणं अठरा तारखेपर्यंत स्वच्छ हवीत, मागे कसलीही घरघर नको, नाहीतर पुस्तक मशीनच्या आवाजात करून घेऊ, असं आजच फोनवर सांगून मोकळ्या झाल्या. माझी मागची नोकरी त्या मेल्या मशीननंच खाल्ली. त्याच्या आधी घशातल्या गाठी काढल्या तेव्हा चार महिने मी पाटीवर लिहून बोलत होते, आणि ताई शेजारी बसून दोघींच्या वाटचं बोलायची. तेव्हा एक नक्की कळलं, मला आवाजाशिवाय दुसरं काही येत नाही. तो गेला की मी संपले.

असो. पहिल्याच दिवशी रडगाणं नको. माझ्याआधी इथं अकरा वर्षं एक बाई वाचत होत्या. त्यांना सगळे नुसतं 'आधीच्या बाई' म्हणतात. जाताना घर अगदी लख्ख घासूनपुसून गेल्यात. जमलं असतं आमचं.

३ मार्च, मंगळवार

आमच्या धंद्यात एक रीत आहे. वाचायला लागण्याआधी अर्धं मिनिट गप्प बसायचं आणि ती शांतता रेकॉर्ड करायची. कुठलीच खोली खरी गप्प नसते. दिवा, पाइप, पंखा, काही ना काही चालूच असतं. मग कॉम्प्युटरला सांगायचं, या अर्ध्या मिनिटात जे जे ऐकू येतंय ते ते माझ्या वाचनातून पुसून टाक. तो पुसतो. मागे उरतो तो आपला आवाज.

आज पुसण्याजोगं इतकं निघालं की आवाजच खरवडला गेला. पिंपात तोंड घालून वाचल्यासारखी मी! सगळा दोष टेबलाखालच्या कॅबिनेटचा. त्यात तीन पंखे आहेत, दोन पुढं, एक मागं, आणि तिघंही जिवाच्या आकांतानं फिरतात. पुढच्या दोघांसमोर हात धरला तर वारा माझ्या हातावर आला. मला हसूच फुटलं. पुढच्यांनी बाहेरची गार हवा आत ओढायची आणि मागच्यानं आतली गरम हवा बाहेर टाकायची, हे कुणीही सांगेल. इथं तिघंही बाहेरच फेकतायत. अकरा वर्षं आधीच्या बाईंना कुणी सांगितलं नाही? मॅडमना कळवलं. खुशाल नवे पंखे आणा म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र किळसवाणी निघाली. पुढच्या पंख्यांसमोरच्या भिंतीवर, टेबलाखाली, स्पंजवर एक थर साचला होता. स्पंजच्याच रंगाचा, म्हणून काल दिसला नाही. ओल्या फडक्यानं पुसायला गेले तर पुसला न जाता सालीसारखा अखंड सुटून आला, हातभर लांब. चिकट, तेलकट. वास घेतला (कशाला घेतला मी!) तर न धुतलेल्या डोक्याचा, महिनाभर वापरलेल्या उशीचा. शी! संडासात टाकून दोनदा पाणी ओतलं. चार वेळा साबण लावूनही बोटं बोटांना चिकटतायत असं वाटतंय.

आणि गंमत म्हणजे कॅबिनेटच्या आत धुळीचा एक कण नाही.

५ मार्च, गुरुवार

पंख्यांचं दुकान मागच्याच रस्त्यावर आहे. दुकानदार काका पंचाहत्तरीचे, एका कानात यंत्र, दुसरा कान नावापुरता. मी विचारलं की ऐकू येत नाही तर शांत पंखा कुठला ते ठरवता कसं? म्हणाले, दातानं. आणि माझ्यादेखत एक पंखा चालू करून त्याची कड दातांत धरली, डोळे मिटले, मान डोलावली. थरथर हाडातून कळते म्हणे, कान काय, थापा मारतात. त्या कडेवर थुंकी चकाकत होती. मी म्हटलं, काका, मला बंद खोक्यातला द्या, तुमच्या मुखातून आलेला नको. पोट धरून हसले.

माणूस मात्र जाणता. छोटा पंखा भराभर फिरतो आणि किंचाळतो. मोठा सावकाश फिरून तेवढीच हवा हलवतो, म्हणून एकशेचाळीस मिलिमीटरचेच घ्यायचे. खोक्यावर काय छापलंय त्यावर भुलायचं नाही, बोटानं फिरवून बघायचं, मध्येच अडखळला की परत. स्क्रूनं बसवला तर पत्रा सगळा गुणगुणतो, म्हणून रबराच्या खुंट्यांवर टांगायचा. चार वायरींचा घ्यायचा, म्हणजे काम हलकं असताना कॉम्प्युटर त्याला आपणहून धीमा करतो. मी वहीत सगळं उतरवून घेतलं.

जुने तिन्ही पंखे बाहेर तोंड करून होते हे सांगितल्यावर मात्र ते थबकले. तसं केलं तर कॅबिनेट मिळेल त्या फटीतून हवा खेचतं आणि आत धुळीचं गाठोडं होतं, तुमचं बरबटलेलं असायला हवं म्हणाले. मी म्हटलं, ताटासारखं स्वच्छ आहे. मग पंखे धूळ सोडून दुसरंच काहीतरी बाहेर काढत असतील, असं म्हणून पुन्हा खो खो. म्हाताऱ्याला विनोदाची भारी हौस.

६ मार्च, शुक्रवार

बसवले! पुढचे दोन आत ओढणारे, मागचा एक बाहेर टाकणारा. प्रत्येकाच्या कडेला बाण असतो, हवा कुठून कुठं जाणार त्याचा. तीनदा तपासला. पुढं धूळ अडवायला बारीक जाळी लावली. पूर्ण सरळ काम, कुणालाही दाखवावं असं.

आणि काय ती शांतता! कॉम्प्युटर चालू आहे की नाही ते बघायला मला वाकावं लागलं. पहिलं प्रकरण दुपारपर्यंत वाचून पाठवलं, आणि मॅडमचा तासाभरात फोन, एकही शब्द बदलायचा नाही, असंच पुढं चालू द्या. जीव भांड्यात पडला. ताईला फोन करून अर्धा तास डोकं खाल्लं. खरं तर तिनंच माझं खाल्लं, ती एकदा सुरू झाली की मला हुंकारच भरायचे असतात.

संध्याकाळी बोळ झाडणाऱ्या मावशी डोकावल्या. पंखे बदलले का विचारलं. आधीच्या बाई त्या पेटीला कुणाला शिवू द्यायच्या नाहीत म्हणे. रोज दुपारी पुढ्यात हात धरून वारा बाहेर येतोय ना ते बघायच्या. एकेकाचं वेड असतं.

९ मार्च, सोमवार

जाळी भरली. तीन दिवसांत!

मी रोज फरशी पुसते, खोलीत चपला आणत नाही, आणि या जाळीवर बोटभर जाडीचा करडा गादीचा तुकडा. उचलला तर ओलसर आणि कोमट. उजेडात नेला. केस होते. माझे. मी दोन महिन्यांपूर्वी रंगवले तेव्हाची तपकिरी टोकं ओळखू आली. मध्ये पांढरा कोंडा, त्वचेचे पातळ पापुद्रे आणि नखांचे तुकडे. नखं मी न्हाणीघरात कापते, कागद पसरून, मोजून कचऱ्यात टाकते! न्हाणीघर कुठं, ही जाळी कुठं! दोन दारं ओलांडून ती आली कशी?

शिसारी आली. बाहेरच्या कचराकुंडीत नेऊन टाकलं. माणसाच्या अंगावरून सतत काही ना काही झडत असतं, पुस्तकातच दुसऱ्या प्रकरणात लिहिलंय, आजच वाचलं. पण ते झडलेलं असं गोळा होऊन समोर आलं की आपलीच आपल्याला किळस येते.

दुसरं प्रकरण मान्य. घसा किंचित धरलाय.

११ मार्च, बुधवार

आम्हा वाचणाऱ्यांना तोंडाच्या आवाजांचा भयंकर तिटकारा. ओठ सुटतानाचा चट्, टाळूला लागून सुटणारी जीभ, घोटलेली थुंकी. एरवी ते कुणाला कळत नाही, माईक मात्र सगळं टिपतो. म्हणून मी वाचायला बसण्याआधी सफरचंदाची फोड खाते, तोंड साफ राहतं.

आज शांततेचं अर्धं मिनिट आवाज वाढवून ऐकलं. पंखा नाही. वाराही नाही. चट्. मग पचक. मग जीभ दातांवरून सावकाश फिरते तसा ओला, घसरता आवाज. कुणीतरी बोलायच्या आधी तोंड जुळवून बघत होतं.

माझंच असणार, म्हटलं. ओठांवर चिकटपट्टी लावून पुन्हा रेकॉर्ड केलं. चट्, पचक. मग रेकॉर्डिंग चालू ठेवून मी बाहेर गेले, दार लावलं, स्वयंपाकघरात उभी राहून तीसपर्यंत आकडे मोजले. परत येऊन ऐकलं.

आता जास्त स्पष्ट होतं. खोलीत मी नव्हते म्हणून.

जाळी पुन्हा भरलीय, बघितलंही नाही नीट, वरचा थर चिमट्यानं ओढून टाकला. तिसरं प्रकरण व्हायचंय, अठरा तारीख आलीच.

१३ मार्च, शुक्रवार

कॅबिनेट उघडलं. लिहावंसं वाटत नाही, पण लिहिलं नाही तर उद्या मी स्वतःलाच खोटी ठरवीन.

तळाला, पंख्यांच्या मागे, तोच थर. पण आतला भाग करडा नव्हता. गुलाबी होता. सांडशीनं कड उचलली तर खालून ओलं, गुळगुळीत, गालाच्या आतल्या बाजूला जीभ लावल्यावर लागतं तसं. पंखे हवा ओढत होते आणि ते फुगत होतं, बसत होतं. मध्ये एक चीर होती. चिरेच्या दोन्ही कडांना माझ्या नखांचे तुकडे रोवलेले. खाली एक रांग, वर एक रांग. नीट, एकाला लागून एक.

मोरीपर्यंत पोचले नाही. तिथंच ओकले.

मग वाळवंटातल्या माणसासारखी पाणी प्यायले, हातमोजे घातले, स्पिरिटची आख्खी बाटली ओतली आणि सगळं खरवडून काढलं. खरवडताना ते आकसत होतं. पिशवीत भरलं, तिला गाठ मारली, पुन्हा दुसऱ्या पिशवीत. पिशवी कुंडीपर्यंत नेताना ती माझ्या पायाला लागत होती, कोमट.

आरशात बघितलं तर भांगापाशी रुपयाएवढं टक्कल पडलंय. बोटांची सालं निघतायत. आवाज बसलाय.

१६ मार्च, सोमवार

सकाळी सगळं परत होतं तिथंच. तेवढंच. थोडं मोठं.

मॅडमकडून आधीच्या बाईंचा नंबर मिळवला. उचलला त्यांच्या भावानं. त्या बोलत नाहीत म्हणाला, आवाज गेलाय, पण लिहून देतील. मी विचारत होते, त्या लिहीत होत्या, आणि भाऊ थांबत थांबत वाचून दाखवत होता. त्याला काही कळत नव्हतं, तो बिचारा शब्द न् शब्द वाचत होता.

कॉम्प्युटर तीन बदलले, ते पेटीत नाही, खोलीत आहे. पेटी त्याला ऊबेसाठी आवडते. आपल्या अंगावरून जे गळतं त्याचं ते तोंड बनवतं. म्हणून अकरा वर्षं तिन्ही पंखे बाहेर तोंड करून ठेवले, त्याच्याजवळ काही साठू दिलं नाही. गेल्या वर्षी त्या आजारी असताना संस्थेच्या माणसानं पंखे 'नीट' करून दिले. आठ दिवसांत आवाज गेला. मग त्यांनी पंखे परत बाहेर वळवले, ते तोंड विस्कटलं, उडून भिंतीवर बसलं. पण आवाज काही त्यांच्याकडे परत आला नाही. कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून काही न सांगता निघून आल्या.

शेवटचं वाक्य भावानं दोनदा वाचलं. भिंतीवरच्या थराला हात लावू नका, तो माझा आहे, मी न्यायला येणार आहे.

मी फोन ठेवला. काय सांगणार होते? संडासात टाकून पाणी ओतलं म्हणून?

१७ मार्च, मंगळवार

पंखे वळवले. तिन्ही बाहेर, पूर्ण वेगानं. आतलं ते थरथरायला लागलं, कडा फाटून चिंध्या उडाल्या, तोंडावर, ओठांवर आल्या. एक जिभेला लागली. खारट. अजून तोंड धुतेय.

पण ते विस्कटलं! डोळ्यांनी बघितलं. घसाही जरा मोकळा वाटला.

घरघरीतच तिसरं प्रकरण वाचून पाठवलं. मॅडमनी परत केलं. आधीची दोन इतकी स्वच्छ आणि हे असं का, विचारलं. उद्या संध्याकाळपर्यंत नीट आलं नाही तर मशीनला देणार. त्यांचंही बरोबर आहे, पोरांची परीक्षा आहे.

एकच दिवस. फक्त एका प्रकरणापुरते पुढचे दोन पंखे आत वळवते. वाचून झालं की लगेच बाहेर. एका दिवसात काय होणार आहे?

१८ मार्च, बुधवार

वळवले. शांतता झाली. अर्धं मिनिट गप्प बसले, ते रेकॉर्ड केलं. मग वाचलं, मनापासून, इतकं चांगलं मी कधी वाचलं नव्हतं. पुसायला सांगितलं.

फाइल रिकामी आली. चाळीस मिनिटं, आत काहीच नाही.

मग ते अर्ध्या मिनिटाचं लावलं. मी गप्प बसले होते तेव्हाचं. त्यात माझा आवाज होता. प्रकरण तिसरं, पहिलं वाक्य, माझा उच्चार, माझी लय, स्वल्पविरामाला मी घेते तेवढीच उसंत. शांततेत तोच होता म्हणून वाचनातूनही तोच पुसला गेला. मीच सांगितलं पुसायला. माझ्या बोटानं बटण दाबलं.

हाक मारून बघितली. हवा आली. नुसती हवा —

पंखे वळवायला गेले. रबराच्या खुंट्या निघत नाहीत. त्यांच्यावरून गुलाबी कातडी वाढलीय.

१९ मार्च, गुरुवार

मॅडमचा मेसेज. तिसरं, चौथं, पाचवं मिळालं. अप्रतिम. एकदाही श्वास ऐकू आला नाही, कसं जमवलंत?

मी काही पाठवलेलं नाही.

निघून जावंसं वाटतं, बॅग भरली. पण ती बाई गेली, तिचा आवाज इथं राहिला, आणि तो मी फ्लश केला. मी गेले तर माझा कोण — नाही. तो माझा आहे. घेऊनच जाईन.

हातोडी आणली. पेटीवर तीन घाव घातले. पत्रा वाकला, आत मऊ लागलं. आतून कुणीतरी माझ्या आवाजात कळवळलं. लहानपणी बोट दारात सापडलं तेव्हा मी ओरडले होते, अगदी तशी. हातोडी खाली ठेवली. मला माझा आवाज मारता येईना —

२० मार्च, शुक्रवार

ताईचा मेसेज. काय छान वाटलं तुझ्याशी बोलून, तासभर बोललीस, कधी नव्हे ती मला बोलू दिलं नाहीस, आज रात्रीच्या गाडीनं निघते, सकाळी पोचते.

लिहिलं, येऊ नकोस, मी बोलले नाही, ते मी नाही, इकडे फिरकू नकोस.

उत्तर आलं. चेष्टा पुरे. तुझा मेसेज वाचून लगेच फोन केला तर तूच हसत म्हणालीस की मेसेज भलत्यालाच पाठवायचा होता.

फोन माझ्या हातात होता. वाजलाच नव्हता. तिनं कुठं केला — कॉम्प्युटरवर — त्याला संस्थेचा नंबर जोडलेला आहे, त्यावरूनच ते तिच्याशी बोललं —

पुन्हा लिहिलं. पोचत नाही. ती गाडीत बसली की फोन बघत नाही. ताई ती. बोलते, वाचत नाही.

केस धुताना मूठभर आले हातात. मोरीच्या जाळीवर थांबले नाहीत. घसरत गेले. दाराकडे. त्या खोलीकडे. फरशीवरून. मी बघत राहिले. शी, शी, शी —

२१ मार्च, शनिवार

सकाळी. ती यायच्या आत संपवायचं. वही बरोबर आणलीय, आता हीच माझी पाटी. फोन स्वयंपाकघरात राहिला, या खोलीत कधी आणत नाही, माईक गुणगुणतो — सवय — मूर्ख मी —

प्लग काढला. दिवे गेले पेटीवरचे. पंखे फिरतायत. प्लग माझ्या हातात, पंखे फिरतायत. आत. आत. आत.

पुढची जाळी फुटून ते बाहेर आलंय. टेबलाच्या पायावरून. ओलं. त्यावर माझी पापणी चिकटलीय, केसांसकट.

दार उघडेना. कडेचं रबर आता रबर नाही. बोट घातलं, कोमट, हिरडीसारखं, बोट धरून ठेवलं त्यानं, ओढून काढलं तर साल तिथंच —

भिंतीवर मुठी आपटतेय. स्पंज. आवाज नाही. पायानं मारतेय, आवाज नाही. या खोलीतून आवाज जाऊ नये म्हणूनच तर —

बोळात पावलं. बाहेरचा आवाज पंखे आत ओढतायत, आतला जात नाही. कळतात मला, धपाधप, तिची. मावशींशी बोलतेय. हसतेय.

पान फाडलं, आत येऊ नकोस लिहिलं, दाराखालून सरकवते — जागा नाही — ओलं झालं — त्यानं घेतलं, चावतंय —

ओरडतेय मी. सगळ्या जिवानिशी ओरडतेय. हवा. त्या पंख्यांकडे जाते आणि —

बाहेरचं दार उघडलं. ताईनं मला हाक मारली. नावानं, लहानपणच्या.

पेटीनं ओठ सोडले, दाराच्या त्या कडांनीही. चट्. आणि माझ्या आवाजात, किती लाडानं, ओ दिली, म्हणाली इकडे ये गं ताई, आत, दार ढकल —

हँडल फिरतंय. ताई नको, ता